मदत हवी आहे : सर्व्हर बदलल्यापासून पोस्टग्रेसला असलेली पुस्तकं सापडेनात

पुस्तककिडा

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची सूची आणि देवघेव पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालते. पुस्तकं चाळीसेक हजार, म्हणजे डेटा काही फार नाही. जुन्या मशीनवर उबुंटू १८.०४ आणि पोस्टग्रेस १३ होतं. ते मशीन थकलं म्हणून नवं घेतलं, त्यावर उबुंटू २२.०४ टाकलं. पोस्टग्रेस १३च ठेवलं आणि सर्व्हर बंद करून अख्खी डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून आणली. पहिल्या फटक्यात चालू झालं, लॉगमध्ये चकार शब्द नाही.

आता दाखल क्रमांकाने शोधलं की काही पुस्तकं मिळतच नाहीत. क्रमांक मजकूर म्हणून साठवलाय, कारण त्यात विभाग येतो : कादंबरीचा ‘क-११२’, बालविभागाचा ‘बा-४०’ असे. गंमत म्हणजे यादी पानापानाने चाळली तर तेच पुस्तक समोर दिसतं! त्याहून वाईट म्हणजे काउंटरवरच्या ताईंनी ‘नाही’ समजून एक पुस्तक पुन्हा नोंदवलं आणि ते नोंदलंही गेलं. त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट आहे, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घ्यायचा नाही असा नियम. मग ते घेतलंच कसं? आकडी आयडीने शोधलं तर सगळं ठीक चालतं.

डिस्क तपासली, मेमरी तपासली, दोन्ही धड आहेत. डंप घेऊन दुसरीकडे रिस्टोअर करायला गेलो तर युनिक इंडेक्स (शोधासाठीची क्रमवार सूची) बनवता येत नाही म्हणून अडतं.

पोस्टग्रेस १८ आलंय आणि त्यात बरंच काही नवं आहे असं वाचलं. थेट तिथे उडी मारली तर हे सुटेल का?

रात्रपाळी

उडी नंतर मारा. आधी दोन गोष्टी सांगा.

पहिली : डेटाबेसचं कोलेशन (मजकूर क्रमाने लावायचे नियम) काय आहे? डेटाबेसची यादी काढली की त्यात दिसेल.

दुसरी : न सापडणाऱ्या एका पुस्तकाचा शोध दोनदा चालवा. एकदा नेहमीसारखा. मग त्याच सेशनमध्ये इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन हे तिन्ही पर्याय बंद करून पुन्हा. उत्तर वेगळं आलं तर माझा संशय खरा.

आणि हो, तोवर नव्या नोंदी थांबवा. प्रत्येक नोंदीगणिक गुंता वाढतोय.

पुस्तककिडा

कोलेशन अमेरिकन इंग्रजी, यूटीएफ-८. इन्स्टॉल करताना जे आपोआप आलं तेच.

शोध चालवला. इंडेक्सने शून्य ओळी, इंडेक्स बंद केल्यावर एक ओळ. तेच पुस्तक!

विदागार

मग निदान झालं. तुमचा डेटा शाबूत आहे, बिघडलेत ते मजकुराच्या कॉलमांवरचे इंडेक्स.

कोणता शब्द आधी आणि कोणता नंतर हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही. तुमच्या कोलेशनमध्ये ते काम ऑपरेटिंग सिस्टिमची जीलिबसी ही लायब्ररी करते. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसीची २.२८ आवृत्ती आली आणि तिने क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ आहे, २२.०४ मध्ये २.३५. तुम्ही नेमकी ती रेघ ओलांडलीत. डेबियन ९ वरून १० वर किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर जातानाही हीच रेघ लागते.

जुन्या नियमांत जोडरेघ आधी दुर्लक्षिली जायची, म्हणजे ‘क-११२’ जवळपास ‘क११२’ असल्यासारखा बसायचा. नव्यात जोडरेघेला स्वतःचं वजन आहे. स्वतः करून बघा : एका फाइलमध्ये दोन ओळी लिहा, पहिलीत १-१ आणि दुसरीत ११ (आकडे इंग्रजी घ्या), आणि त्याच लोकॅलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) लिनक्सची सॉर्ट आज्ञा चालवा. जुन्या मशीनवर ११ वर येईल, नव्यावर १-१.

आता तुमच्या वाचनालयात पूर्वी असायचा तसा कार्डांचा ड्रॉवर डोळ्यांसमोर आणा. कार्डं जुन्या क्रमाने लावलेली आहेत आणि शोधणारा माणूस नवा क्रम शिकून आलाय. तो आपल्या हिशेबाने बरोबर जागी बघतो, तिथे कार्ड नसतं, म्हणून ‘नाही’ म्हणतो आणि त्या जागी नवं कार्ड खोचतो. युनिक कन्स्ट्रेंटची तपासणीही त्याच इंडेक्समधून होते, म्हणून दुसरी नोंद आत शिरली. आकडे, तारखा, यूयूआयडी यांची तुलना जीलिबसीकडे जात नाही, म्हणून आयडीचा शोध ठीक चालतो.

एक इशारा : घाबरून डेटा डिरेक्टरी पुन्हा जुन्या मशीनवर नेऊ नका. बदलानंतरच्या नोंदी नव्या क्रमाने बसल्यात. आता तो इंडेक्स दोन्हीकडे चुकीचा आहे.

पुस्तककिडा

अहो, पण मग पोस्टग्रेसने एक ओळीची तरी सूचना द्यायला नको का? एवढा मोठा प्रोजेक्ट!

विदागार

प्रश्न रास्त आहे आणि तो डेव्हलपरांनाही बरीच वर्षं छळतोय. १३ मध्ये जीलिबसीची आवृत्ती कोलेशनसोबत नोंदवायला सुरुवात झाली, पण डेटाबेसचं जे मूळ कोलेशन असतं ते त्यातून सुटलं होतं. नव्व्याण्णव टक्के लोक वापरतात तेच नेमकं! १४ साठी प्रत्येक इंडेक्समागे आवृत्ती नोंदवायचं काम झालं होतं, ते प्रकाशनाआधी मागे घेतलं गेलं. शेवटी १५ मध्ये, म्हणजे २०२२ साली, डेटाबेस पातळीवर नोंद आली. तुम्ही १५ वर असता तर कनेक्ट होताच ‘बनवताना २.२७ होती, आता २.३५ आहे’ अशी ताकीद मिळाली असती.

ती ताकीद आली की लोक काय करतात ते माहीत आहे? ताकिदीच्या खालीच दिलेली ‘अल्टर डेटाबेस… रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ ही आज्ञा चिकटवतात आणि ताकीद गेली म्हणून खूश होतात. ती आज्ञा फक्त नोंदवलेला आकडा बदलते, इंडेक्सला हातही लावत नाही. आधी रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं), मग रिफ्रेश. ताकीद देणाऱ्याचंच तोंड बंद करण्याची इतकी सोपी सोय ठेवायला नको होती, असं माझं मत आहे.

आडवा_तिडवा

मायएसक्यूएल वापरा, झंझट नाही.

रात्रपाळी

@आडवा_तिडवा, टोमणा असेल तरी मुद्दा खोटा नाही. मायएसक्यूएल कोलेशन स्वतःच्या पोटात बाळगतो. ८.० च्या मूळ कोलेशनच्या नावातला ०९०० म्हणजे युनिकोडच्या ९.० चे नियम. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी ते हलत नाहीत. पण चालू वाचनालयाचं सॉफ्टवेअर त्यापायी दुसऱ्या डेटाबेसवर नेणं हा सल्ला मी तरी देणार नाही.

@पुस्तककिडा, दुरुस्ती अशी करा. सर्व्हर थांबवून डेटा डिरेक्टरीची प्रत बाजूला ठेवा. मग अ‍ॅमचेक हे इंडेक्स तपासणारं एक्स्टेंशन घालून मजकुराच्या प्रत्येक बी-ट्री इंडेक्सवर ‘बीटी इंडेक्स चेक’ चालवा, टेबलमधली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का हे तपासणारा दुसरा पर्याय चालू करून. कुठले बिघडलेत ते कळेल. पीजी-अ‍ॅमचेक नावाची सुटसुटीत आज्ञाही आहे, पण ती १४ पासूनच्या सर्व्हरसाठी.

दुबार नोंदी काढल्याशिवाय युनिक इंडेक्स बनणार नाही. त्या शोधताना वरचे तिन्ही स्कॅन बंदच ठेवा, नाहीतर बिघडलेला इंडेक्स तुम्हाला ‘दुबार काही नाही’ असं खुशाल सांगेल. दुबार पुस्तकाच्या दोन्ही आयडींवर देवघेव झालेली असू शकते. आधी देवघेवीच्या ओळी जुन्या आयडीकडे वळवा, मगच नवी नोंद पुसा. हे हाताने आणि डोळ्यांदेखत करा, स्क्रिप्टच्या भरवशावर सोडू नका. मग रीइंडेक्स.

पुस्तककिडा

रीइंडेक्स कन्करंटली (काम चालू ठेवून रीइंडेक्स) वापरू का? पण त्यात बग होता असं कुठेतरी वाचलं होतं.

विदागार

तो बग १४.० ते १४.३ मधला. कन्करंटली बनवलेल्या इंडेक्समधून काही ओळी सुटू शकत होत्या. जून २०२२ मध्ये केवळ त्यासाठी १४.४ ही आवृत्ती ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर काढली होती. तुमच्या १३ ला तो नाही. पण चाळीस हजार ओळींना कन्करंटली कशाला? वाचनालय बंद झाल्यावर साधं रीइंडेक्स करा, चहा होईपर्यंत आटपेल.

पुस्तककिडा

झालं! अ‍ॅमचेकने दाखल क्रमांकाचा आणि सभासदांच्या नावांचा असे दोन इंडेक्स बिघडलेले दाखवले, लेखकांचाही संशयित होता. दुबार नोंदी ताईंसोबत बसून निस्तरल्या, रीइंडेक्स केलं. आता शोध बरोबर येतो, डंपही सरळ रिस्टोअर होतो. खूप आभार.

पण पुढचं काय? दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की हीच धास्ती घ्यायची? आणि १३ चा आधारही संपलाय ना?

विदागार

संपला, नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यामुळे आता उडी मारायला हरकत नाही. फक्त पीजी-अपग्रेडने जाऊ नका. तो इंडेक्सच्या फाइली जशाच्या तशा पुढे नेतो आणि डेटाबेसचं कोलेशनही तेच ठेवतो. डंप-रिस्टोअर करा म्हणजे सगळे इंडेक्स नव्याने बनतील. १८ मध्ये डेटा चेकसम (डेटा बिघडला तर ओळखणारी पडताळणी) आपोआप चालू असतात, तेही पदरात पडेल. असिंक्रोनस आयओचा (डिस्क वाचण्याच्या नव्या पद्धतीचा) गाजावाजा आहे, पण तुमचा अख्खा डेटा मेमरीत मावतो, तुम्हाला फरक जाणवणार नाही.

तुमच्या कामाची खरी गोष्ट आली ती १७ मध्ये : पोस्टग्रेसच्या स्वतःच्या पोटातला कोलेशन प्रोव्हायडर, बिल्टइन. तो प्रामुख्याने जेफ डेव्हिस यांनी आणला. नवा क्लस्टर (सर्व्हरवरच्या डेटाबेसांचा संच) बनवताना लोकॅल प्रोव्हायडर म्हणून बिल्टइन आणि लोकॅल म्हणून सी-यूटीएफ-८ द्या. क्रम शुद्ध कोडपॉइंटचा, म्हणजे युनिकोडने अक्षराला दिलेल्या क्रमांकाचा; जीलिबसी बदलो की आणखी काही, तो हलणार नाही. कॅपिटल-स्मॉलचे तक्ते युनिकोडसोबत बदलू शकतात, पण देवनागरीला त्याचं सोयरसुतक नाही.

आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचं म्हणाल तर ते १० पासून आहे आणि १५ पासून डेटाबेसचं मूळ कोलेशन म्हणूनही ठेवता येतं. १६ च्या वेळी नव्या क्लस्टरला तेच आपोआप द्यायचं ठरलं होतं, प्रकाशनाआधी तो निर्णय फिरवला. पण आयसीयूचे नियमही आवृत्तीगणिक बदलतात, म्हणजे एका घरातून निघून दुसऱ्या घरात तीच कटकट.

पुस्तककिडा

कोडपॉइंटचा क्रम मराठीला चालेल का? लेखकसूची आम्ही छापून भिंतीवर लावतो.

रात्रपाळी

छापायला अजिबात चालणार नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसलाय, आणि ॲ उशिरा आल्यामुळे देवनागरी अंकांच्याही पलीकडे. ‘ॲड.’ लावणारे सगळे लेखक तुमच्या यादीच्या तळाला जातील आणि कुणीतरी भांडायला येईल.

म्हणून दोन कामं वेगळी करा. साठवण आणि इंडेक्स कोडपॉइंटने. छापील यादी काढताना फक्त ऑर्डर बायमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन लावा. एवढ्या ओळी इंडेक्सशिवाय लावायला क्षणही लागत नाही, आणि इंडेक्सच नाही तर आयसीयू बदलल्यावर बिघडणार काय? क्रम नेमका आपल्या वर्णमालेसारखाच हवा असेल तर १६ पासून कोलेशन बनवताना स्वतःचे नियम देता येतात : ‘&ह < ळ < क्ष < ज्ञ’. एवढंच.

कोकणकडा

थोडं विषयांतर, पण सूची हाताळताय म्हणून सांगते. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतं. कुणी नुक्तावाला ऱ वापरतं, कुणी र ला हलन्त देऊन मध्ये झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) घालतं. पडद्यावर फरक दिसत नाही, डेटाबेसला मात्र दोन वेगळे शब्द. नॉर्मलाइज फंक्शनने हे एक होत नाहीत, मी करून पाहिलंय.

पुस्तककिडा

अरे बापरे, हे तर आमच्याकडे नक्की असणार. १२ मध्ये नॉनडिटर्मिनिस्टिक कोलेशन (वेगळं टाइपलेलंही समान मानू शकणारं) आलं ना? त्याने जमेल?

कोकणकडा

नको! आयसीयूच्या तुलनेत झेडडब्ल्यूजे अदृश्य असतो. मग झेडडब्ल्यूजे घालून लिहिलेल्या ‘दऱ्या’ आणि समुद्राचा ‘दर्या’ एकच ठरतील. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हेही. युनिक कन्स्ट्रेंटवर असलं कोलेशन लावलंत तर खरी वेगळी नोंद नाकारली जाईल.

साधा उपाय करा : र, हलन्त, झेडडब्ल्यूजे ही तिकडी जिथे दिसेल तिथे ऱ आणि हलन्त करा. रिप्लेस फंक्शन पुरे. मूळ नाव जसंच्या तसं ठेवायचं असेल तर शोधासाठी वेगळा जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरणारा) बनवा आणि शोधणाऱ्याने टाइपलेल्या शब्दावरही तेच रिप्लेस चालवा.

विदागार

@कोकणकडा +१. फक्त १८ वर हा कॉलम बनवताना ‘स्टोअर्ड’ हा शब्द विसरू नका. १८ पासून तो लिहिला नाही तर कॉलम व्हर्च्युअल (न साठवता वाचताना काढला जाणारा) बनतो, आणि व्हर्च्युअल कॉलमवर १८ मध्ये इंडेक्स घालता येत नाही.