चार डिपार्टमेंट हेड, चार संस्थानं: एकत्र काम कसं करून घ्यायचं?

सुटा_नट:
चाकणमधला मशीनिंग प्लँट, गाड्यांचे सुटे भाग बनतात. प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, पीपीसी (उत्पादनाचं नियोजन) असे चारही हेड मुरलेले, आपापल्या कामात एक नंबर, पण एकमेकांसमोर कोणी माघार घेत नाही. सकाळच्या मीटिंगचा पाऊण तास 'लाइन कोणामुळे थांबली' यातच जातो. क्वालिटीने लॉट होल्डला टाकला, म्हणजे निकाल लागेपर्यंत अडवून ठेवला, की प्रॉडक्शनवाले थेट प्लँट हेडच्या केबिनमध्ये. मेंटेनन्सला पीएमसाठी (ठरल्या वेळी करायच्या देखभालीसाठी) मशीन मिळता मिळत नाही. एचआरने लोणावळ्याला दोन दिवसांचं आउटबाउंड ट्रेनिंग (बाहेर नेऊन सांघिक खेळ) सुचवलंय. त्याने फरक पडेल का? मी प्लँट हेडच्या ऑफिसात आहे. सुचवू शकतो, हुकूम सोडू शकत नाही.

गुणाकार:
लोणावळ्याचे पैसे वाचवा. १९५४ साली मुझफर शेरीफ यांनी अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथल्या शिबिरात मुलांचे दोन गट करून प्रयोग केला होता. गटांत वैर पेटल्यावर त्यांना नुसतं एकत्र जेवायला आणि सिनेमा बघायला बसवलं, तर भांडणं थांबली नाहीत, उलट अन्नाची फेकाफेक झाली. पाणीपुरवठा बंद पडणं, ट्रक अडकणं अशा अडचणी एकामागून एक दोघांना मिळून सोडवाव्या लागल्या, तेव्हा कुठे वैर निवळलं. मोठ्या माणसांचं फार वेगळं नसतं.

आधी चौघांचे केआरए, म्हणजे ज्यावर कामाचे गुण मिळतात ती उद्दिष्टं, शेजारी-शेजारी ठेवून वाचा. बहुतेक ठिकाणी प्रॉडक्शनला गुण मिळतात नगांवर, क्वालिटीला ग्राहकाच्या तक्रारींवर, मेंटेनन्सला ब्रेकडाउनच्या तासांवर आणि पीपीसीला साठा कमी ठेवण्यावर. त्या कागदावर चार संत बसवले तरी भांडतील. महिनाअखेर नग पुरे करायला पीएम ढकलणं हे प्रॉडक्शनच्या केआरएनुसार शहाणपणच आहे!

म्हणून एक आकडा चौघांचा करा. ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता, त्यासाठी बरा. उपलब्धता ९० टक्के, वेग ९५, चांगले नग ९९, म्हणजे ज्याचा त्याचा आकडा मिरवण्यासारखा. गुणाकार केला की उरतात ८४.६. ओईई आणि वेळेवर डिस्पॅच यांना मिळून प्रत्येकाच्या अप्रेझलमध्ये ३० ते ४० टक्के वजन द्या. १०-१५ टक्के दिलं तर कोणी ढुंकून बघत नाही, ५० च्या वर गेलं की 'दुसऱ्याच्या पापाची शिक्षा मला का' सुरू होतं.

हे बिघडतं ते व्याख्येवर. सेटअप बदलायचा वेळ धरायचा का, माल नसल्याने थांबलेलं मशीन कोणाच्या खात्यात, हे आधी चौघांच्या सह्यांनी ठरवा. १० मिनिटांवरच्या प्रत्येक थांब्याला शिफ्ट सुपरवायझरने तिथल्या तिथे कारणाचा कोड द्यायचा. दुसऱ्या दिवशी आठवून भरलेला कोड म्हणजे वकिली. 'मशीनचा दोष की सेटिंगचा' असा वाद असेल, तर मिनिटं दोघांत निम्मी-निम्मी. २४ तासांत दोघांनी मशीनपाशी उभं राहून मिटवलं नाही, तर तीच वाटणी कायम.

क्यूए_पेन्शनर:
वरचं पटलं, पण होल्डच्या बाबतीत 'टीमवर्क' आणू नका. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाप्रमाणे गुणवत्तेची जबाबदारी असलेल्या माणसाला उत्पादन आणि डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार असावाच लागतो. तो बहुमताने उठवायचा नसतो. लॉट निवडून काढायला माणसं कोण देणार, रिवर्क (दुरुस्ती) होईल का, ग्राहकाकडे डेव्हिएशन (आहे तसा माल घेण्याची सूट) मागायचं का, यावर खुशाल चर्चा करा.

प्रॉडक्शनवाला वर का धावतो? होल्डच्या टॅगवर निकाल कधी लागणार ते नसतं म्हणून. कोणतं माप बाहेर गेलं, किती नग अडकले, निकाल किती वाजेपर्यंत, एवढं टॅगवर लिहा. ती वेळ चुकली तरच वर जायचं. निम्मी आदळआपट इथेच थांबते.

सीसी_नको:
चारचौघांत चूक निघाली की मुरलेला माणूस मुद्दा सोडून स्वतःचा बचाव करतो. जपानी कंपन्यांत 'नेमावाशी' करतात, म्हणजे बैठकीआधी एकेकाला गाठून बोलणं. नवा नियम आणायचा असेल तर आदल्या दिवशी प्रत्येकाच्या जागेवर जाऊन १० मिनिटं बसा. 'पटतंय का' असं विचारू नका, 'यात तुमचं काय अडेल' असं विचारा. जे सांगतील ते त्यांच्या नावानिशी मसुद्यात घाला. स्वतःचं नाव असलेल्या कागदाला विरोध करणं जड जातं.

मीटिंग लाइनवरच्या बोर्डापाशी उभ्याने घ्या, २० मिनिटं. प्लँट हेड सर्वांत शेवटी बोलतील. ते आधी बोलले की पुढचे चौघे त्यांच्याच सुरात गातात. मेलवर दोन उत्तरांनंतरही वाद चालू असेल तर फोन उचलायचा, सीसीची यादी वाढवायची नाही. आणि एकट्याची तक्रार वर ऐकून घ्यायची नाही. दोघांनी मिळून एक पान आणायचं, त्यात प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं लिहायचं आणि ते बरोबर लिहिलंय म्हणून समोरच्याने सही करायची. बरेच वाद त्या सहीपर्यंतच टिकतात.

सुटा_नट:
अडचण अशी की प्लँट हेडनाच एकेकाला केबिनमध्ये बोलावून दुसऱ्याची बातमी काढायची सवय आहे. मग?

गुणाकार:
मग दुखणं चौघांचं नाही, आणि एक पान वगैरे नियम इतक्यात चालणार नाहीत. त्यांच्या मर्जीवर न अडणाऱ्या कामापासून सुरुवात करा. पीपीसीला सांगा, महिन्याचा प्लॅन करताना पीएमचे तास मशीनच्या क्षमतेतून आधीच वजा करा. उरलेल्या तासांवरच नग ठरवा. मग मेंटेनन्सला प्रॉडक्शनपुढे हात पसरावे लागत नाहीत आणि प्रॉडक्शनला 'माझं मशीन पळवलं' म्हणता येत नाही. तारखा पहिल्या तीन आठवड्यांतच ठेवा. पीएम रद्द झालंच तर सात दिवसांतली नवी तारीख आणि प्रॉडक्शन हेडची सही. सगळ्या प्लँटला एकदम लावू नका, ज्या मशीनपाशी माल तुंबतो त्या एकट्यावर तीन महिने चालवा. त्या मशीनचे ब्रेकडाउनचे तास बोर्डावर लावा, खाली चौघांची नावं.