पेनड्राइव्ह फॉरमॅट होत नाही, ‘राइट प्रोटेक्टेड’ दाखवतो

अंबड_व्हीएमसी
नाशिकच्या अंबड एमआयडीसीत व्हीएमसीला (प्रोग्रामवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला) प्रोग्राम न्यायला १६ जीबीचा पेनड्राइव्ह वापरतो. परवापासून मशीनचा कंट्रोल त्याला ओळखत नाही. विंडोज १० वर फाइल्स दिसतात, उघडतात. पण नवी फाइल पडत नाही, जुनी डिलीट होत नाही. फॉरमॅट दिलं की ‘द डिस्क इज राइट प्रोटेक्टेड’. ड्राइव्हला लॉकचं बटण नाही. घरच्या लॅपटॉपवरही तेच. कंट्रोलला फॅट३२ (ड्राइव्हवर फाइल्स मांडायची एक पद्धत) च लागतं. काय करू?

सिडको_हार्डवेअर
भाऊ, फाइल्स उघडतायत तोवर आधी सगळे प्रोग्राम पीसीवर उतरवून घ्या. फॉरमॅटचं नंतर. असा ड्राइव्ह आज वाचता येतो, उद्या येईलच असं नाही.

मग स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करा. उघडलेल्या काळ्या खिडकीत या कमांड एकेक करून द्या: डिस्कपार्ट, त्यानंतर लिस्ट डिस्क. तुमचा ड्राइव्ह १४ जीबीच्या आसपास दिसेल. साइज बघूनच नंबर ओळखा. डिस्क ० बहुतेक वेळा पीसीचीच हार्डडिस्क असते आणि पुढची क्लीन कमांड ‘नक्की का?’ असं विचारत नाही, सरळ पुसते. सिलेक्ट डिस्क आणि तो नंबर, मग अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क.

इथे दोन ओळी नीट वाचा: ‘करंट रीड-ओन्ली स्टेट’ आणि ‘रीड-ओन्ली’. दोन्हीपुढे येस असेल तर कुलूप विंडोजने लावलंय. अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली, क्लीन, क्रिएट पार्टिशन प्रायमरी, फॉरमॅट एफएस=फॅट३२ क्विक, असाइन; याच क्रमाने. पहिलीपुढे येस आणि दुसरीपुढे नो आलं, तर इथे सांगा.

गोदाकाठ
विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्ज साठवायच्या जागेत) करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, स्टोरेजडिव्हाइसपॉलिसीज या जागी राइटप्रोटेक्ट १ असेल तर ० करा. ती जागाच नसेल तर नवी बनवायची गरज नाही. कंपनीच्या पीसीवर पेनड्राइव्हवर लिहायला पॉलिसीतूनही बंदी घातलेली असते. पण घरच्या लॅपटॉपवरही तेच होतंय म्हणता, त्यामुळे मला इथे पीसीचा दोष वाटत नाही.

अंबड_व्हीएमसी
प्रोग्राम सगळे निघाले. करंट स्टेट येस, रीड-ओन्ली नो. क्लिअर केल्यावर ‘सक्सेसफुली’ म्हणतो, पण क्लीन दिलं की पुन्हा ‘मीडिया इज राइट प्रोटेक्टेड’.

सिडको_हार्डवेअर
मग कुलूप ड्राइव्हच्या आतल्या कंट्रोलर चिपने लावलंय. फ्लॅश मेमरीचे ब्लॉक लिहून-पुसून झिजतात. खराब ब्लॉकच्या बदल्यात चिप राखीव ब्लॉक वापरते. ते संपले, किंवा लिहिणं चालू असताना ड्राइव्ह उपसल्याने चिपचा स्वतःचा तक्ता बिघडला, की ती लिहिणं बंद करते आणि आहे तो डेटा फक्त वाचू देते. फॉरमॅटचं कुठलंही सॉफ्टवेअर त्या चिपच्या वर चालतं, म्हणून त्याचा इथे उपयोग नाही.

चिपजिनियस या सॉफ्टवेअरने कंट्रोलरचा नंबर काढून त्याच चिपचं एमपीटूल (कारखान्यात ड्राइव्ह तयार करताना वापरतात ते सॉफ्टवेअर) चालवता येतं. ते फ्लॅश नव्याने मांडतं. पण एमपीटूलची आवृत्ती चुकली तर ड्राइव्ह ‘नो मीडिया’, ० बाइट दाखवायला लागतो. आणि जमलं तरी झिजलेली मेमरी तीच राहते. ज्यावर जॉब अवलंबून आहे, त्यासाठी मी हे कधीच सुचवणार नाही.

गोदाकाठ
सहमत. एमजी रोडवरून नवा घ्या, ८ ते ३२ जीबीच. ३२ च्या वर विंडोजच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ चा पर्यायच मिळत नाही. वापरायच्या आधी एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. नकली ड्राइव्ह १६ जीबी दाखवतो आणि खरी मेमरी संपली की पुढच्या फाइल्स बिघडवतो. प्रोग्राम अर्धवट पोचला तर मशीनचं कटिंग टूल आणि जॉब दोन्ही जातात.

शॉपमध्ये टोपण लावूनच ठेवा. कूलंटचा थर आणि बारीक बर (धातूचे कण) कॉन्टॅक्टवर बसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, पूर्ण वाळल्यावरच लावा. पीसीवरून काढताना दर वेळी इजेक्ट.

सिडको_हार्डवेअर
एक राहिलं. या ड्राइव्हवरचं आता काहीच पुसता येणार नाही, आणि त्यात कस्टमरची ड्रॉइंग असतील. आख्खा भंगारात टाकू नका. केस उघडून मेमरीची काळी चौकोनी चिप पक्कडीने फोडा, मग ई-कचऱ्यात द्या.