मदत हवी आहे: फुल लोडला प्रोसेसरचा क्लॉक (वेग) धपकन ८०० मेगाहर्ट्झवर येतोय

रेंडर लावला की ४-५ मिनिटं मस्त चालतं आणि मग क्लॉक एकदम ८०० मेगाहर्ट्झवर, थोड्या वेळाने परत वर, हेच चालू राहतं. प्रोसेसर ७२ डिग्रीच्या वर जात नाही, पेस्ट बदलली, बायॉस अपडेट केलं, दुसरा पॉवर सप्लायही लावून पाहिला. व्हीआरएमवर (मदरबोर्डवरचा प्रोसेसरला योग्य व्होल्टेज पुरवणारा भाग) हीटसिंकच नाहीये (बोर्ड स्वस्तातला घेतला, माझीच चूक), तिथे छोटा पंखा धरला की थ्रॉटलिंग (तापल्यामुळे क्लॉक आपोआप खाली येणं) थांबतं. १२५ वॉट १.२ व्होल्टला म्हणजे १०० च्या वर अँपिअर, व्हीआरएममधले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) बिचारे तापणारच. बोर्ड सध्या बदलता येणार नाही. तर पॉवर लिमिट ९५ वॉटवर आणू की व्होल्टेजला उणे ०.०५ चा ऑफसेट देऊ, आणि ऑफसेट दिला तर लोडलाइन (लोड आल्यावर व्होल्टेज किती खाली येऊ द्यायचं ती बायॉसमधली सेटिंग) ऑटोवरच ठेवायची का?