कॉम्प्युटरचे स्पीकर पुरे, की अँप आणि स्पीकर वेगळे घ्यावेत? (बजेट ३० हजार)

डोंबिवलीकर
नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं टेबलाखाली वूफर आणि टेबलावर दोन छोटी पिल्लं असा २.१ संच वापरत होतो. मागच्या महिन्यात त्याने मान टाकली. अँप्लिफायर वूफरच्या खोक्यातच, पॉवर सप्लायही त्यातच. दुरुस्तीवाल्याने उघडलं, आयसी जळलाय म्हणाला आणि "काका, नवीन घ्या" म्हणत स्क्रू परत पिळले. दोन्ही पिल्लं धडधाकट आहेत, पण आता त्यांना कोणी वाली नाही.

ऐकणारे आम्ही दोघं, मी आणि बाबा. शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, सगळं लॅपटॉपवरून. बाबांचं वय ७८, उमेदीत पेटी वाजवायचे. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, पण कोणी बेसूर झालं की डाव्याने पकडतात. खोली साडेदहा बाय बारा, खाली टाइल्स.

दुकानात एका खोक्यावर "५००० वॅट पीएमपीओ" (क्षणभराची म्हणे कमाल ताकद) लिहिलेलं. त्याच्या अडॅप्टरवर मात्र १२ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट. उरलेले ४९७६ कुठून आणतात, विचारलं. विक्रेता चहा प्यायला गेला.

आता दोन पर्याय दिसतात. एक, आतच अँप असलेले कॉम्प्युटरचे मोठे स्पीकर. दोन, सेकंडहँड अँप, वेगळे बुकशेल्फ (फळीवर मावणारे) स्पीकर आणि लॅपटॉपसाठी छोटा यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा अँपला चालणारा सिग्नल करणारी डबी. बायकोची अट एकच, वायरी दिसता कामा नयेत. काय करू?

रात्रपाळी
हेडफोन घ्या, विषय संपला.

डोंबिवलीकर
एका हेडफोनमध्ये मी आणि बाबा? डोकी सोलावी लागतील.

खर्ज
अँप आत की बाहेर, हा दुसरा प्रश्न झाला. आधी तुमचा जुना संच काय करत होता ते बघा.

काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणारा पुरुष गायक धरा. त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं), मंद्र पंचम १०४, मंद्र षड्ज ६९. टेबलावरच्या दोन-अडीच इंची पिल्लांना दीडशेच्या खाली नीट उतरता येत नाही, म्हणून खालचा सगळा भाग वूफरकडे वळवलेला असतो. म्हणजे बुवा मध्य षड्जाच्या वर आहेत तोवर टेबलावर बसून गातात, आणि मंद्रात उतरले की टेबलाखाली जातात. तान वर आली की पुन्हा वर. नऊ वर्षं तुम्ही हेच ऐकलंत.

डग्ग्याचं त्याहून वाईट. स्वस्त खोकं एकाच सुरावर घुमतं, त्यामुळे डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड ऐकूच येत नाही, नुसतं भुम्म भुम्म. इंग्रजी सिनेमातल्या स्फोटांना ते चालतं. विलंबित एकतालाला नाही.

तेव्हा पाच-साडेपाच इंची वूफर आणि वर ट्वीटर (बारीक, उंच सुरांसाठीचा छोटा पडदा), असे दोन स्पीकर घ्या. संपूर्ण गळा एका जागेवरून यायला हवा. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला. टेबलावर आडवे ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका. टाइल्सवर सतरंजी टाका, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

सोल्डरिंगवाला
खर्ज यांच्याशी सहमत, पण अँप बाहेर की आत हा प्रश्न इतका दुय्यम नाही. तुमचा संच मेला कशामुळे? एका आयसीपायी. अँप वेगळा असता तर तेवढाच दुरुस्त झाला असता. आमच्याकडे सोनोडाइन कंपनीचा एक जुना अँप आहे. त्याचे कपॅसिटर मी दोनदा बदलले, स्पीकर तिसरे चालू आहेत, अँप तोच.

दुसरं म्हणजे बॅलन्सचं बटण. जुन्या अँपवर ते हटकून असतं. बाबा एकटे ऐकत असतील तेव्हा थोडं उजवीकडे फिरवा, तुम्ही बसलात की मध्ये आणा.

वॅटच्या मागे लागू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. तुमच्या खोलीत आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे, २५-३० वॅट भरपूर.

सेकंडहँड घेताना मल्टिमीटर न्या. अँप चालू करून, काही वाजत नसताना अँपच्या स्पीकर जोडायच्या टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. २०-३० मिलिव्होल्ट ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर हात जोडून निघा, स्पीकरची कॉइल जाईल. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, भाव पाडा. काँटॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते.

पुणेरी_प्लग
सगळं खरं, पण वायरींची अट विसरू नका. अँप, डॅक, दोन स्पीकर, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड. मी हौसेने सगळं वेगळं घेतलं होतं. सहा महिन्यांनी आतच अँप असलेले स्पीकर आणले, आता घरात शांतता आहे. टेबलापासून तीन फुटांवर एकट्याने ऐकायचं असेल तर ते उत्तम.

डोंबिवलीकर (तीन आठवड्यांनी)
घेतलं. अँप आणि स्पीकर दोन्ही सेकंडहँड, डॅक नवीन, साडेसव्वीस हजारांत. डीसी १२ मिलिव्होल्ट निघाला. वायरी गालिच्याखालून नेल्या, अट पाळली.

पहिल्या दिवशी गाणं लावायच्या आधीच बाबा म्हणाले, "हे पांढरी पाचात कोण घुमतंय? आणि जरा चढं आहे." मला आधी ऐकूच आलं नव्हतं. कान लावला तर बारीक गुणगुण.

पण तक्रार वेगळीच आहे. गायक स्पष्ट, तंबोऱ्याची जवार सुरेख, पण खर्ज गायब. जुन्या खोक्यापेक्षाही कमी. बाबा विचारतात, तबलजी आलाच नाही का? फसलो का?

सोल्डरिंगवाला
बाबांना नमस्कार सांगा. ती गुणगुण विजेची. वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि पेटीची पांढरी पाच ९८ च्या आसपास. चढं आहे हे बरोबर ओळखलं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर लावून बघा.

खर्जाचं म्हणाल तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असणार. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. गायक मधोमध बसलेला वाटतो, की सगळ्या खोलीभर पसरलेला?

डोंबिवलीकर
पसरलेला. थांबा, बघतो.

डोंबिवलीकर
डावा उलटा होता. गालिच्याखाली वायरीला पीळ पडला आणि मी अंदाजाने लावली. चार्जर काढल्यावर गुणगुणही गेली. बाबांना काही न सांगता तोच ख्याल परत लावला. सम आली तशी मांडीवर थाप मारून म्हणाले, "उशिरा आला, पण हात चांगला आहे."