विषय: वादळमदत – ट्रक भरायचा की नाही?

नमस्कार मंडळी,
वादळांचा हंगाम १ जूनला सुरू झालाय, तो ३० नोव्हेंबरपर्यंत. वेळ आलीच तर मंडळाने काय करायचं, यावर एक सूचना आली आहे: २०१७ मध्ये हार्वी वादळानंतर आपल्या ह्यूस्टनच्या टेक्सन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या जे. जे. वॉटने केलं तसं करायचं. गणपतीच्या हॉलवर कपडे, डबाबंद अन्न, पाणी जमवायचं आणि ट्रक भरून पाठवायचा. मतं कळवा.
– सचिव

*

सचिवसाहेब,
वॉटने कपडे जमवले नव्हते हो. न्यू ऑर्लिन्सचा सामना खेळून निघालेल्या संघाला ह्यूस्टनमध्ये उतरता येईना, म्हणून सगळे डॅलसला थांबले होते. तिथूनच त्याने व्हिडिओ टाकला आणि यूकेअरिंग या वर्गणीच्या संकेतस्थळावर पान उघडलं. उद्दिष्ट २ लाख डॉलर, त्यात पदरचे १ लाख. आकडा पार झाला की उद्दिष्ट पुढे सरकवायचं, असं करत १५ सप्टेंबरला पान बंद केलं तेव्हा ३ कोटी ७० लाख जमले होते. देणारे २ लाखांहून जास्त.

शिकायचं ते याच्यापुढे आहे. ऑक्टोबरअखेर, पाय मोडून बसला असताना, त्याने पैसे कुणाला देणार ते जाहीर केलं. घरांसाठी एसबीपी, पाळणाघरांसाठी सेव्ह द चिल्ड्रन, अन्नासाठी फीडिंग अमेरिका, औषधोपचारांसाठी अमेरिकेअर्स. काही रक्कम पुढच्या वर्षासाठी मागे ठेवली. वर्षभराने हिशेब दिला: एकूण ४ कोटी १६ लाख डॉलर, ६०० वर घरं, ४२० वर पाळणाघरं, २ कोटी ६० लाख जेवणं. २०१० च्या हैती भूकंपानंतर रेड क्रॉसवर झालेली टीका लोक विसरले नव्हते. ‘पैसे गेले कुठे?’ हा प्रश्न वॉटलाही आलाच असता. तो येण्याआधी त्याने उत्तर देऊन ठेवलं.

आपल्यापुरतं सांगायचं तर कुणीही स्वतःच्या नावाने पान उघडू नये. पैसे वैयक्तिक खात्यात येतात, देणाऱ्याला करसवलत मिळत नाही आणि देणाऱ्याची कंपनी तेवढीच भर घालते ती मॅचिंग रक्कम बुडते. ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, नोंदणी असलेल्या संस्थेच्या नावानेच वर्गणी घ्या. २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला लेखी पोच लागते आणि बदल्यात काही दिलं की नाही हे तीत लिहावं लागतं. वर्गणीबरोबर जेवणाचं कूपन दिलंत तर त्याची किंमत करसवलतीच्या रकमेतून वजा होणार.

कार्डाचा खर्च साधारण २.९ टक्के अधिक ३० सेंट. म्हणजे १०० डॉलरमागे ३.२० जातात, पण १० डॉलरमागे ५९ सेंट, जवळजवळ ६ टक्के. लहान रकमा चेकने किंवा झेलने (खात्यातून थेट खात्यात) घ्या. आणि आवाहनात ‘फक्त या वादळासाठी’ असं लिहिलं असेल तर उरलेले पैसे दिवाळी कार्यक्रमाकडे वळवता येत नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.
– खजिनदार

*

खजिनदारकाका,
बरोबर, पण अर्धंच. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी वॉट आणि त्याचे सहकारी ह्यूस्टनमध्ये ट्रकमधून सामान उतरवत होतेच की. मारिया वादळ २० सप्टेंबर २०१७ ला पोर्तो रिकोवर आलं तेव्हा तिथलाच बास्केटबॉलपटू हुआन होसे बारेआ याने आपल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाचं विमान संघमालकाकडून मागून घेतलं आणि सामान भरून नेलं. अख्खं बेट अंधारात, दुकानं रिकामी, कार्ड चालत नाही. तिथे चेकचं काय करायचं? पहिला आठवडा सामानाचा, नंतरचं सगळं पैशांचं.

पण सामानाचं वजन कुणी धरत नाही. पाण्याचं २४ बाटल्यांचं खोकं २६ पौंडांवर जातं. ७२ खोक्यांचं पॅलेट (लाकडी चौकटीवर रचलेला ढीग), लाकूड धरून, १,९५० पौंड. २६ फुटी भाड्याच्या ट्रकमध्ये जागा १२ पॅलेटची असते, पण तो साधारण १०,००० पौंडच ओढतो. म्हणजे पाच पॅलेट आणि बाकी ट्रक रिकामा. माणशी दिवसाला एक गॅलन धरला तर त्या पाच पॅलेटवर अकराशे-साडेअकराशे माणसांचा एक दिवस निघतो. साध्या पिकअपवर पूर्ण पॅलेट चढवू नका, स्प्रिंग बसतात.

आणि उतरवणार कसं? लिफ्टगेट (ट्रकमागची वर-खाली होणारी फळी) किंवा फोर्कलिफ्ट नसेल तर ३६० खोकी हातांनी. जिथे पाठवायचं तिथून आधी होकार, उतरवून घेणाऱ्याचा फोन नंबर आणि गोदामाची वेळ घ्या. कपडे तर मुळीच नकोत. कपाटातले सलवार-कुर्ते निवडून घड्या घालायला जेवढी माणसं लागतात तेवढ्यांत पुरात बुडालेलं एक घर उपसून, म्हणजे भिजलेलं सगळं बाहेर काढून, होतं.
– वाहतूक समिती

*

दादा, घर उपसण्याचा विषय काढलात म्हणून.

हार्वीत बुडालेल्या बहुतेक घरांना पूरविमा नव्हता आणि फेमा या सरकारी आपत्ती-मदत संस्थेची त्या वर्षीची वैयक्तिक मदत जास्तीत जास्त ३३,३०० डॉलर होती. त्यात घर उभं राहत नाही. म्हणून हाताने केलेलं काम थेट पैशांइतकं मोलाचं.

आधी मेन ब्रेकर बंद. काहीही फेकण्याआधी फोटो, पाण्याची रेघ दिसेल असे. गालिच्याचा एक तुकडा कापून ठेवायचा, विमावाला मागतो. फ्रीज उघडायचा नाही. दाराला टेप लावून तसाच बाहेर.

शीटरॉक, म्हणजे भिंतीचं जिप्समचं शीट, जमिनीपासून चार फुटांवर सरळ रेघ मारून कापायचं. पाणी फूटभर आलेलं असलं तरी ओल वर चढते, आणि शीट ४ बाय ८ फुटांचं असतं, आडवं लावलं की बरोब्बर बसतं. उत्साहात कुणी ५० इंचांवर कापलं की वर दोन इंचांच्या पट्ट्या लावत बसावं लागतं. मागचं भिजलेलं इन्सुलेशन सगळं काढायचं. पिशव्या ४२ गॅलनच्या जाड घ्या आणि अर्ध्याच भरा. ओलं शीटरॉक भरलेली पूर्ण पिशवी दोघांनाही उचलत नाही.

कचऱ्याचे रस्त्याच्या कडेला वेगळे ढीग: बांधकामाचा, फ्रीज-वॉशर, टीव्ही वगैरे, रंग-रसायनं, झाडपाला. झाडाखाली, मेलबॉक्सला किंवा मीटरला टेकवून ढीग केला तर पंजाची गाडी तो उचलत नाही.

सगळ्यात मोठी चूक शेवटी होते. भिंत हाताला कोरडी लागते म्हणून नवीन शीट ठोकतात. आतल्या लाकडाची ओल मीटरने १५ टक्क्यांखाली आल्याशिवाय बंद करायची नाही, मग महिना लागला तरी चालेल. नाहीतर आत बुरशी, आणि तेच घर दुसऱ्यांदा उपसा. ब्लीच शिंपडून हे टळत नाही.
– स्वयंसेवक समिती

*

ताई, ओल मोजायचे दोन मीटर आणि एन-९५ मास्कचे चार खोके मंडळाच्या खर्चातून घेऊ. काका, पैशांसाठी संस्था आधी ठरवा, पान वादळाच्या दिवशी उघडू. हिशेब याच यादीवर ३०, ९० आणि ३६५ व्या दिवशी. कपड्यांची सूचना मागे घेतली आहे. ज्यांनी पिशव्या आधीच हॉलवर आणून टाकल्यात त्यांनी शनिवारपर्यंत न्याव्यात.
– सचिव