सल्ला हवा आहे: घरी रीफ टँक आणि क्लाउनफिशची पिल्लं

निळंशार (पुणे):
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातले मासे आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहेत. गप्पी, मोली झाले, एंजलची पिल्लंही वाढवली. आता खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकचं, म्हणजे मासे आणि प्रवाळ एकत्र असलेल्या टाकीचं, मनावर घेतलंय. 3 x 1.5 x 1.5 फुटांची टाकी करून घ्यायचा विचार आहे. एक क्लाउनफिशची जोडी, एक-दोन शांत मासे, थोडे प्रवाळ, एवढंच. लेकीला पिल्लं वाढवायची फार हौस आहे, ती आत्तापासून वही घालून बसली आहे.

अडचणी अशा: फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, एप्रिल-मेमध्ये हॉल भट्टीसारखा तापतो, आणि गुरुवारी वीज जाते. घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ आहे, तो चालेल का? कोकणात माहेर आहे, तिथून समुद्राचं पाणी आणि किनाऱ्यावरचे प्रवाळाचे दगड आणता येतील का? आणि पिल्लं दिवाळीपर्यंत होतील का? खर्चाची तयारी आहे, पण पैसे कशावर घालायचे ते कळत नाही.

भरतीओहोटी (ठाणे):
ताई, स्वागत. तुमच्या मापाची टाकी काठोकाठ भरली तर साधारण 190 लिटर. नुसतं पाणीच 190 किलो, वर काच, दगड, स्टँड, सम्प (खालची फिल्टरची टाकी). अडीचशे किलोच्या पुढे सहज जाईल. बाल्कनीत किंवा खोलीच्या मधोमध नको, बीमला धरून भिंतीलगत ठेवा. सोसायटीतल्या एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला जागा दाखवून घेतलीत तर उत्तम.

घरचा आरओ बहुतेक चालणार नाही. पिण्याच्या आरओत चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मुद्दाम 50-100 वर ठेवलेला असतो. आपल्याला शून्य हवा, म्हणजे आरओच्या पुढे डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षार शोषून घेणारी). पैसे घालायचे तर पहिले इथे घाला. पाण्यातून नायट्रेट, फॉस्फेट आत आलं की शेवाळ हटत नाही आणि माणूस औषधं ओतत बसतो. वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा.

मीठ लिटरला साधारण 35 ते 40 ग्रॅम लागतं, पाकिटावर बघा. नेहमी पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियमचा साका खाली बसतो. पंप लावून रात्रभर फिरू द्या आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) 1.025 आल्याशिवाय टाकीत घालू नका. काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर घेऊ नका, त्यावर बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो.

उन्हाळ्याचं म्हणाल तर पाणी 25 ते 27 अंशांत हवं. पाण्यावर पंखा मारला की दोन-तीन अंश उतरतं, पण मग रोज पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून भर घालायची ती आरओच्या साध्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा. पुण्याचा एप्रिल पंख्यावर निघेल असं मला वाटत नाही. चिलर घ्या, किंवा त्या खोलीत एसी असेल तर तिथेच टाकी मांडा.

गुरुवारसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप पहिल्या दिवसापासून घरात हवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा) आणि रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी टाकीत परत आणणारा) टाका. लाइट बंद राहिला तर काही बिघडत नाही, पाणी थांबलं तर मासे गुदमरतात.

खाजणकाठ (रत्नागिरी):
ताई, प्रवाळाच्या दगडांबद्दल मी स्पष्टच लिहितो, कारण इकडे लोक सर्रास उचलून नेतात. किनाऱ्यावर पडलेला पांढरा मेलेला तुकडासुद्धा आणू नका. कठीण प्रवाळ, सी फॅन, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. समुद्री घोडे आणि समुद्री काकडीही तिथेच. मेलेल्या तुकड्यालाही तोच कायदा लागू. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे आणि आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत किती थोडे! त्यातलं काही उचलावं असं मनातही आणू नये.

दुकानात कोणी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातला दगड पुढे केला तर नको म्हणा. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम ड्राय रॉक मिळतात. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यांच्यावरही वाढतात, फक्त वेळ लागतो. प्रवाळांत मशरूम, झोअँथस, लेदर असे मऊ प्रकार घ्या, तेही वाढवलेले आणि बिलासकट. नव्या माणसाला तेच झेपतात. ते हाताळताना हातमोजे घाला, झोअँथसमध्ये विष असतं. घरात मूल आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

समुद्राचं पाणीही नको. पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी उतरतं आणि किनाऱ्यालगतची क्षारता पार घसरते. एरवीही बंदराजवळच्या पाण्यात डिझेलपासून सांडपाण्यापर्यंत काय काय असतं. माहेरून कोकम, आंबे आणा.

निळंशार (पुणे):
खाजणकाठ दादा, कायद्याचं हे खरंच माहीत नव्हतं. आरओ-डीआय आणि चिलर यादीत सगळ्यात वर घेतले. आता मासे कधी सोडायचे? आणि लेक पिल्लांचं विचारतेय.

भरतीओहोटी (ठाणे):
दगड, पाणी, वाळू, पंप सगळं चालू करून चार ते सहा आठवडे रिकामी चालवायची. अमोनियाचा थोडा डोस द्या, त्यावर ते जिवाणू वाढतात. आधी अमोनिया वर जाईल, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसायला लागेल. ते किटवर दिसल्याशिवाय एकही मासा नको. मऊ प्रवाळ त्यानंतर महिन्याभराने. क्षारीयता 8-9 डीकेएच (ती मोजायचं एकक) आणि कॅल्शियम लिटरला 400-450 मिलिग्रॅमच्या आसपास राहिलं की पुरे. मऊ प्रवाळांना आकड्यांपेक्षा स्थिरपणा लागतो. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहा.

समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोन, पहिल्या वर्षी घेऊ नका. क्लाउनफिशला त्याची गरज नाही. मातीची कुंडी आडवी ठेवलीत तर जोडी तिथेच घर करते.

सागरगोटा (पणजी):
पिल्लांवर मी लिहितो, माझा जीव त्यातच आहे.

ताई, दिवाळी विसरा. दुकानात मिळतात ती लहान वयाची असतात. दोन घ्या, एक थोडा मोठा, एक लहान. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात, जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो. जोडी जमून अंडी यायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. घेताना हॅचरीत वाढलेलेच घ्या. समुद्रातून पकडलेले नव्या माणसाकडे टिकत नाहीत, आणि आता ते पकडण्याचं कारणही उरलेलं नाही. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) तामिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विळिंजमच्या केंद्रांत क्लाउनफिश वाढवण्याचं तंत्र केव्हाच बसवलं. तुमच्या बाजूला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हॅचरी आहे, लेकीला एकदा घेऊन जा.

हे वर्ष वाया जात नाही. या वर्षात तुम्ही रोटिफर, म्हणजे पिल्लांचं खाद्य असलेले सूक्ष्म जलजीव, वाढवायला शिका. क्लाउनफिश अंडी घालतात, सांभाळतात, ते आपण शिकवावं लागत नाही. अडतं ते पिल्लांच्या पहिल्या घासावर. एंजलच्या पिल्लांना तुम्ही थेट आर्टेमिया (ब्राइन श्रिंपची पिल्लं) दिला असेल. इथे पिल्लू जेमतेम 3-4 मिलिमीटरचं आणि तोंड इतकं बारीक की ताजा आर्टेमियाही मावत नाही. रोटिफर त्याहून बारीक, मिलिमीटरचा दहावा ते तिसरा हिस्सा. पहिल्या सकाळी तो पाण्यात तयार नसेल तर पुढच्या दोन-तीन दिवसांत पिल्लांचा टब रिकामा होतो. अंडी दिसल्यावर रोटिफर शोधायला निघालेला माणूस हमखास उशिरा पोचतो. म्हणून माझा सल्ला एकच: आधी रोटिफर, मग टब, मग अंडी.

एक 15-20 लिटरची बादली, 1.015 ते 1.018 खारट पाणी, नुसत्या नळीने संथ हवा, एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा दगड) नको. खाद्य नॅनोक्लोरोप्सिस हे हिरवं शैवाल, जिवंत किंवा घट्ट करून विकतात ते. पाणी फिकट हिरवं राहील इतकंच घाला, पारदर्शक झालं की पुन्हा घाला. रोज पाव बादली 53 मायक्रॉनच्या जाळीतून गाळून काढायची आणि तेवढं नवं पाणी भरायचं. पिल्लं नसली तरी काढायचं. काढलं नाही की गर्दी होते आणि एका रात्रीत सगळं बसतं. काढलेले रोटिफर मोठ्या टाकीत ओता, प्रवाळ खातात. बादल्या दोन ठेवा, शक्यतो दोन खोल्यांत, आणि त्यांची भांडी, जाळ्या वेगळ्या.

आता अंडी. नर पंखांनी वारा घालत राहतो, खराब अंडं तोंडाने काढून टाकतो. पहिल्या एक-दोन खेपा जोडी स्वतःच खाऊन टाकते, मन खट्टू करून घेऊ नका. रंग आधी नारिंगी, मग तपकिरी होत जातो. 27 अंशांना साधारण आठव्या दिवशी अंड्यात चंदेरी डोळे चमकायला लागतात. ते चमकले की त्याच रात्री फुटणार, दिवे गेल्यावर तासा-दोन तासांत.

टब 20-25 लिटरचा, चारही बाजू काळ्या. पाणी मोठ्या टाकीतलंच घ्या, म्हणजे तापमान आणि खारटपणा जुळतो. अंड्यांची टाइल किंवा कुंडी संध्याकाळी टबात हलवा आणि खाली एअरस्टोन लावा. बुडबुडे अंड्यांना घासून जावेत, थेट आदळू नयेत. बापाचं काम आता हवा करते. सकाळी हलकं हिरवं पाणी आणि मिलिलिटरला दहाएक रोटिफर. उजेड मंद.

मग भिंग घेऊन बसा, लेकीलाही बसवा. पिल्लू रोटिफर हेरतं, जागच्या जागी थांबतं, शेपटी वळवून अंगाचा इंग्रजी एस करतं आणि झटक्यात पुढे उडी घेतं. पोट भरलेलं आरपार दिसतं. ही झेप दिसली की समजा पिल्लं खाताहेत. दिसत नसेल तर उजेड जास्त आहे का, हवा जोरात आहे का, आणि अमोनिया, या क्रमाने तपासा. अमोनियासाठी दररोज बारीक नळीने तळ ओढायचा आणि मोठ्या टाकीचं पाणी थेंबाथेंबाने भरायचं. स्पंज फिल्टर आधीपासून सम्पमध्ये मुरवून ठेवलात तर आठवड्याभराने तो टबात लावता येतो.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोटिफरसोबत ताजा फुटलेला आर्टेमिया थोडा थोडा. टरफलं नीट वेगळी करा, ती पिल्लांच्या पोटात अडकतात. आठव्या ते पंधराव्या दिवसांत पिल्लं तळाकडे, कडेला यायला लागतात आणि डोक्यावरचा पहिला पांढरा पट्टा उमटतो. त्या दोन-तीन दिवसांत पुन्हा थोडी मरतात. पट्टा आला की निम्मी लढाई जिंकलीत.

तांबडी_माती (सावंतवाडी):
सागरगोटा यांच्या शब्दाशब्दाशी सहमत, फक्त एक वेगळी वाट सुचवते. लेकीच्या पहिल्या पिल्लांसाठी बंगाई कार्डिनल हा मासा बघा. रोटिफरची भानगडच नाही. नर अंडी तोंडात धरतो, तीनेक आठवडे काही खात नाही, आणि सोडतो तेव्हा पिल्लू आईबापाची हुबेहूब छोटी प्रत असतं. पहिल्या दिवसापासून ताजा आर्टेमिया खातं. काळ्या केबल टायचा गोळा करून टाकीत सोडा, पिल्लं त्यात लपतात, समुद्रात ती साळिंदरासारख्या काटेरी सी अर्चिनमध्ये लपतात तशी.

दोन अटी. आर्टेमिया नुसता देऊ नका, ओमेगा-3 च्या द्रावणात काही तास ठेवून द्या. नाहीतर पिल्लं दिसायला ठणठणीत असतात आणि दिवा लावताच दचकून आडवी होतात. आणि मासा वाढवलेलाच घ्या. हा मूळचा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांचा, बेसुमार पकडल्यामुळे 2007 पासून आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) यादीत संकटग्रस्त आहे.

सागरगोटा (पणजी):
तांबडी_माती, हे मी सुचवायला हवं होतं. बंगाईने सुरुवात केलीत तर आर्टेमिया फोडण्याचा हात बसतो, तोवर क्लाउनची जोडी वयात येते. दोन्ही त्याच टाकीत राहतील. कार्डिनल मात्र मोठे झाल्यावर जोडी सोडून बाकीच्यांना मारतात, जोडी जमली की उरलेले परत करायचं दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा.

निळंशार (पुणे):
किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी! लेकीने वहीत ‘आधी रोटिफर’ असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय. ठरलं: ड्राय रॉक, आरओ-डीआय, आधी बंगाई. शेवटचा प्रश्न, रोटिफरचं आणि शैवालाचं बीज आणायचं कुठून? ऑनलाइन मागवलं तर पोस्टात मरतं म्हणतात.

खाजणकाठ (रत्नागिरी):
उन्हाळ्यात मरतंच, नोव्हेंबर ते जानेवारीत मागवा. माहेरी येणार असाल तर इथे रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चौकशी करा, मुंबईला गेलात तर वर्सोव्याच्या सीआयएफईत (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत). आधी फोन करून, कशासाठी हवंय ते नीट सांगून जा. मिळालं तर लिटरभराची बाटली अर्धीच भरा, वर हवा राहू द्या, थर्माकोलच्या डब्यात ठेवा आणि घरी पोचल्याबरोबर झाकण उघडा. त्याच दिवशी दोन बादल्यांत वाटून टाका. शैवालाची बाटली वेगळ्या पिशवीतून आणा, तिच्यात एक जरी रोटिफर शिरला तर आठवड्यात सगळं हिरवं खाऊन टाकतो.