'वृद्धाश्रमात टाकलं' म्हणणाऱ्यांनो, रात्री उठतं कोण?

उंबरठा: काल इथे एकाने लिहिलं, 'आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणं म्हणजे अडगळीत टाकणं.' खाली टाळ्याच टाळ्या. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. सगळ्याला एकच शब्द? स्वतःचं स्वतः करणाऱ्या, पण एकटेपणाला कंटाळलेल्या ज्येष्ठांची वसाहत वेगळी. असिस्टेड लिव्हिंगमध्ये आंघोळीला, गोळ्यांना मदत मिळते, बाकी दिवस आपला. चोवीस तास नर्स लागते ते तिसरंच प्रकरण, आणि डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांचा, विभाग त्याहून वेगळा. सांभाळणाऱ्याला चार दिवस उसंत देणारं रेस्पाइट तर कुणाच्या खिजगणतीतही नाही. अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्येच सहा गोष्टी मांडून ठेवल्यात: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. यातलं काय जमतं ते आधी बघा, मग जागा ठरवा. सासूबाईंचं पाच वर्षं मी घरी केलं. शेवटी सहातलं एकही उरलं नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी दर दोन तासांनी कुणाची कूस बदललीये?

जुनाखांब: ती पोस्ट माझीच. यादी पाठ आहे, छान. पण माणूस म्हणजे सहा रकाने नव्हेत. माझे वडील शेवटपर्यंत घरी होते, आता आईही आहे. वडिलांना अंधारात भिंतीला हात लावत बाथरूम सापडायचं. नव्या जागेत दुसऱ्याच रात्री पडले असते.

उंबरठा: आणि रात्री त्यांच्यामागे कोण उठायचं?

जुनाखांब: बायको. म्हणजे आम्ही दोघं.

तिरकस: 'बायको' नंतरचा तो पूर्णविराम फार बोलका आहे हो.

रातपाळी: मी अशाच एका वृद्धाश्रमात नऊ वर्षं रात्रीची ड्यूटी करते. घर की संस्था, तुम्ही भांडा. डायपरबद्दल कुणी बोलेल का? चालत संडासला जाणारी बाई, तिला संध्याकाळी साडेसातला डायपर चढवतात. कारण रात्री तीस जणांमागे आम्ही दोघी. बेल वाजली की सांगायचं, 'त्यातच करा आजी.' पहिले दोन दिवस ती रडते. महिन्याभरात खरंच सवय मोडते आणि फाइलवर चढतं, 'ताबा नाही'.

जुनाखांब: हेच तर म्हणत होतो मी!

सरळरेघ: थांबा. माझे वडील घरीच रात्री घाईघाईत बाथरूमकडे निघाले आणि खुब्याचं हाड मोडलं. परत चालले नाहीत. डायपर असता तर चालत असते. मानापमान नंतर, हाड आधी.

रातपाळी: घाई का झाली? झोपण्यापूर्वी एकदा, मग मध्यरात्री एकदा आपण होऊन न्यायचं. पलंगाला लागून कमोडची खुर्ची, पायाशी मंद दिवा. एवढ्याने निम्मी धावपळ वाचते.

सरळरेघ: तीस जणांमागे दोघी, आणि आपण होऊन न्यायचं! स्वतःच लिहिलेलं वाचता का?

रातपाळी: वाचते आणि करते. बाराजणांना नेते, अठरा राहतात. त्या अठरांचा हिशोब मला नका विचारू, माणसं कमी ठेवणाऱ्यांना विचारा. एक रात्र या माझ्याबरोबर.

दूरदेशी: नेदरलँड्समध्ये वेस्प इथे होगवेक नावाची वसाहत आहे, २००९ पासून. डिमेन्शियाची माणसं छोट्या छोट्या घरांत राहतात, आवारात दुकान, रेस्टॉरंट, मोकळं फिरायचं.

तिरकस: आणि आवाराचं दार?

दूरदेशी: ते बंद असतं. पण आत तरी फिरता येतं ना!

चौफेर: ब्युरोकडून घरी सांभाळायला येणाऱ्या बायांवर कुणी बोलणार आहे का? आमच्याकडची रात्रभर मोबाइलवर.

तिरकस: नवा धागा काढा, हा डायपरने भरलाय.

सरळरेघ: बरं, रातपाळीताई, कमोडच्या खुर्चीचं मान्य. आम्हाला तेव्हा कुणी सांगितलंच नाही. बाकीचं नाही मान्य.

जुनाखांब: आणि मी 'टाकणं' मागे घेतो. 'ठेवणं' चालेल, की त्यालाही यादी आहे?

उंबरठा: बायकोला विचारून सांगा.

जुनाखांब: ती मागे उभी राहून वाचतेय. विचारतेय, ते रेस्पाइट किती दिवसांचं मिळतं?